लिहिण्याआधीचा वेळ

कापणीला आलेल्या धानावर परतीचा पाऊस कोसळला, बांध्यांमधल्या कडपा भिजल्या, की गोंदिया जिल्ह्यातल्या तहसील कार्यालयांच्या आवक टेबलावर अर्जांची चळत वाढू लागते. बहुतेक अर्जांचा मजकूर एकच असतो. कार्यालयासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात तो तयार मिळतो. नाव, गाव आणि गट नंबर यांची जागा तेवढी कोरी असते. शेतकरी ती भरतो, सही किंवा अंगठा करतो आणि पोच घेऊन गावाकडची गाडी धरतो. अशा चळतीतून मधेच एखादा वेगळा अर्ज निघतो. कापणी कुठल्या तारखेला झाली, पाऊस किती दिवस लागून होता, किती बांध्यांतल्या कडपा पाण्याखाली गेल्या, लोंबांना कोंब केव्हा फुटले, हे सगळे त्यात क्रमाने लिहिलेले असते. नुकसान दोघांचेही खरेच असते. पण दुसरा अर्ज वाचताना समोरच्याला शेत दिसते, आणि लिहिणारा धुऱ्यावर जाऊन, पाहून, मोजून मग लिहायला बसला होता हेही दिसते.

लेखी मजकुराचा खरेपणा वाचणारा असाच पारखतो. बोलणाऱ्याचा चेहरा समोर नसतो, आवाज कानावर पडत नाही. हातात असतो तो कागद किंवा मोबाइल. मग त्याचे मन नकळत एवढेच शोधत राहते की या माणसाने आपल्यासाठी काही वेळ मोडला आहे का.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जस्टिन क्रूगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. एकच कविता त्यांनी दोन गटांना वाचायला दिली. एका गटाला सांगितले की कवीला ती लिहायला 4 तास लागले. दुसऱ्याला सांगितले, 18 तास. शब्द तेच, ओळी त्याच, तरी 18 तास ऐकलेल्यांना कविता अधिक चांगली वाटली. मेहनत घेतलेली आहे असे कळले की माणूस त्या गोष्टीचे मोल वाढवून धरतो.

याची उलट बाजू फेब्रुवारी 2023 मध्ये दिसली. मिशिगन स्टेट विद्यापीठात झालेल्या गोळीबारात तीन विद्यार्थी मारले गेले. त्यानंतर व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या पीबडी महाविद्यालयातील एका कार्यालयाने आपल्या विद्यार्थ्यांना धीर देणारा ईमेल पाठवला. एकमेकांची काळजी घ्या, सोबत राहा, असा त्याचा आशय होता. मात्र तळाशी बारीक अक्षरांत नोंद होती की मजकूर चॅटजीपीटीच्या मदतीने तयार केला आहे. विद्यार्थी संतापले आणि कार्यालयाला माफी मागावी लागली. मजकुरात कोणाला दुखावणारे काही नव्हते. ज्या प्रसंगी माणसाने थोडा वेळ तरी थांबायला हवे होते, त्या प्रसंगी कोणी थांबलेच नाही, याचा तो राग होता.

वेळ किती दिला याहून तो कुठे दिला, हे मात्र जास्त महत्त्वाचे आहे. लिहायला सुरुवात केल्यावर शब्द सजवण्यात घालवलेला तास वाचणाऱ्याच्या पदरात काही टाकत नाही. चौकशी करणे, मोजणे, जुना कागद शोधणे, त्या माणसाबरोबरचा प्रसंग आठवणे, हा सगळा वेळ लिहिण्याआधीचा असतो, आणि तोच मजकुरात उतरतो. दुसऱ्या कोणालाही लिहिता आला नसता असा एखादा तपशील, ही त्याची खूण. पुढच्या सूचना याच खुणेच्या आधारावर आहेत.

अर्ज आणि निवेदन

एक गोष्ट आधी स्पष्ट असावी. जिथे कायद्याने किंवा योजनेने नमुना ठरवून दिला आहे, तिथे तोच भरावा. पंतप्रधान पीक विमा योजनेत स्थानिक आपत्तीचे संरक्षण लागू असेल, तर अशा नुकसानीची सूचना 72 तासांच्या आत द्यावी लागते. तिथे सुंदर अर्ज लिहीत बसण्यापेक्षा वेळेत सूचना जाणे मोलाचे. स्वतःचा मजकूर लागतो तो निवेदनात, तक्रारीत, विनंतीत, जिथे अधिकाऱ्याला वाचून निर्णय घ्यायचा असतो.

समजा, इटियाडोह धरणाच्या लाभक्षेत्रातल्या एखाद्या गावाला कालव्याच्या पाण्यासाठी शाखा अभियंत्याला लिहायचे आहे. नेहमीचे निवेदन असे असते: “आमच्या गावातील शेतकऱ्यांना पाणी मिळत नसल्याने धानपीक धोक्यात आले आहे. तरी शेतकऱ्यांच्या जिव्हाळ्याचा प्रश्न लक्षात घेऊन त्वरित कार्यवाही करावी, ही नम्र विनंती.” हा मजकूर कुठल्याही गावाला, कुठल्याही वर्षी लागू पडेल. वाचून अभियंत्याने नेमके कुठे जावे, हे त्यातून कळत नाही.

आता तेच निवेदन वितरिकेच्या काठाने एकदा चालत जाऊन लिहिले तर: “पाणी सोडल्यापासून सहाव्या दिवशी आम्ही पाचजण वितरिकेच्या काठाने टेलपर्यंत गेलो. पुलाखालच्या वळणावर गाळ आणि बेशरमाची झाडे साचून पाणी अडले आहे. त्याच्या वरच्या बांध्या भरल्या आहेत, खालच्या अकरा शेतकऱ्यांची रोवणी थांबली आहे. त्यांची नावे आणि गट नंबर सोबत जोडले आहेत. गाळ काढायला गावातले लोक यायला तयार आहेत. परवानगी आणि एक कर्मचारी मिळावा.” इथे ‘जिव्हाळा’ हा शब्दच नाही, तरी तो प्रत्येक ओळीत आहे. शिवाय अधिकाऱ्याचे अर्धे काम लिहिणाऱ्याने करून दिले आहे. त्यामुळे उत्तर टाळणे अवघड होते.

निवेदन लिहिण्याआधी चार गोष्टी हातात असाव्यात: जागेवर जाऊन पाहिलेली स्थिती, तारीख, ज्यांना झळ बसली त्यांची यादी, आणि आपली एकच नेमकी मागणी. चार मागण्या एका कागदावर कोंबल्या की चारही पातळ होतात. आधी अर्ज केला असेल तर त्याच्या पोचेचा क्रमांक आणि तारीख पहिल्याच परिच्छेदात द्यावी.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज ही याची चांगली तालीम आहे. 2005 चा हा कायदा 12 ऑक्टोबर 2005 पासून पूर्णपणे लागू झाला. अर्जाचे शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत साधारणपणे 30 दिवस. महाराष्ट्राच्या नियमांत 2012 च्या दुरुस्तीनंतर आणखी एक अट आली: अर्ज एकाच विषयावर असावा आणि सर्वसाधारणपणे 150 शब्दांपेक्षा मोठा नसावा. या अटीवर टीकाही झाली. तरी 150 शब्दांत बसवायचे म्हटले की अर्जदाराला आधी शोधावे लागते की आपल्याला हवी ती नोंद कुठल्या कार्यालयात, कुठल्या रजिस्टरमध्ये, कुठल्या वर्षाची आहे. “रस्त्याच्या कामाची सर्व माहिती द्यावी” असे लिहायला मिनिट पुरते. “अमुक रस्त्याच्या मोजमाप पुस्तिकेची प्रत द्यावी” असे लिहायला आधी कोणाला तरी विचारावे लागते, आणि वाचणाऱ्याला ते ओळखू येते.

ज्येष्ठांचे सांगणे कागदावर

लिहिण्याआधीचा वेळ किती दूर नेऊ शकतो, हे पाहायला शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात जावे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. देशात सगळ्यात आधी असा हक्क मिळालेल्या गावांत मेंढ्याचे नाव घेतले जाते. गावातले देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने या गावात कितीतरी वर्षे अभ्यासगट चालत होते. विषय घ्यायचा, त्याचा कायदा समजून घ्यायचा, ग्रामसभेत सगळ्यांची सहमती होईपर्यंत बोलायचे, ही तिथली रीत. दावा लिहायची वेळ आली तेव्हा गावाजवळ सांगण्यासारखे खूप साठलेले होते.

वनहक्क कायदा 2006 चा आणि त्याचे नियम 2008 चे. पुराव्यांच्या यादीत सरकारी कागद आहेत, तसेच गावातल्या दावेदार नसलेल्या ज्येष्ठांचे लेखी निवेदनही आहे. देवरी, सालेकसा, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगाव या जंगलपट्ट्यातल्या गावांसाठी ही मोठी सोय आहे. ते निवेदन मात्र साच्यातले नसावे. “आम्ही पिढ्यानपिढ्या जंगलावर अवलंबून आहोत” हे वाक्य खरे असले, तरी दाव्यामागून दाव्यात तेच वाचून कोणाच्याही डोळ्यांपुढून सरकून जाते. म्हाताऱ्या माणसाजवळ निवांत बसावे. मोह कुठल्या बाजूला वेचायचे, तेंदूपत्त्याला कुठल्या वाटेने जायचे, कुठल्या बोडीवर गुरे पाणी प्यायची, देवाचे ठिकाण कुठे, हे विचारावे आणि जसे सांगितले तसे उतरवावे. बोलीतला शब्द आला तर तो काढू नये. तोच शब्द सांगतो की हे निवेदन त्या माणसाच्या तोंडून आलेले आहे.

नवेगावबांध आणि नागझिऱ्याच्या जंगलात नोकरी केलेले मारुती चितमपल्ली हे याच जिल्ह्याला ठाऊक असलेले उदाहरण. वनाधिकारी म्हणून काम करताना त्यांनी वर्षानुवर्षे नोंदी ठेवल्या, जंगलात राहणाऱ्या लोकांकडून पक्ष्यांची आणि झाडांची स्थानिक नावे गोळा केली. पुढे त्यांचा ‘पक्षिकोश’ आला, 2006 च्या सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद आले, 2025 मध्ये पद्मश्री आली. त्यांच्या पुस्तकांवर वाचकाचा विश्वास बसतो, कारण लिहिण्याच्या कितीतरी आधी पाहणे झालेले आहे.

सांत्वन, आभार, माफी

गावातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणाच्या जाण्याची बातमी आली की काही मिनिटांत ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि जोडलेल्या हातांची रांग लागते. दुरून ओळख असलेल्यांसाठी ते ठीकच आहे; दखल घेतली, एवढे त्यातून कळते. पण ज्या घराशी येणे-जाणे होते, त्या घरी एवढ्यावर थांबू नये. ग्रुपवर न लिहिता त्या कुटुंबातल्या एका माणसाला स्वतंत्र लिहावे, आणि गेलेल्या माणसाची एक आठवण लिहावी.

“काकांच्या जाण्याने कधीही न भरून येणारी पोकळी निर्माण झाली आहे” यापेक्षा हे पाहावे: “काका मंडईच्या रात्री नाटकाला आमच्यासाठी पुढे सतरंजी टाकून जागा धरायचे. आम्ही उशिरा यायचो, ते लोकांशी भांडत बसायचे. आज ते सगळे आठवत होते. तेराव्याला मी येतो आहे. पाण्याच्या कॅनचे आणि मांडवाचे माझ्याकडे राहू दे.” दुसऱ्या मजकुरात दुःख हा शब्द नाही. एक प्रसंग आहे, आणि एक काम अंगावर घेतलेले आहे. सांत्वनाला एवढे पुरते. “काही लागले तर सांगा” असे लिहिण्याऐवजी काय करणार ते सांगावे, म्हणजे दुःखात असलेल्या माणसाला मागावे लागत नाही.

आभाराचे पत्र लोक बहुधा संकोचाने टाळतात. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना कृतज्ञतेची पत्रे लिहायला लावली आणि मग ती मिळालेल्यांनाही विचारले. लिहिणाऱ्यांना वाटत होते की वाचणारा अवघडेल, आपले शब्द नीट जमले नाहीत. मिळालेल्यांना मात्र लिहिणाऱ्यांच्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त आनंद झाला होता, आणि शब्द जमले की नाही याकडे त्यांचे फारसे लक्षच नव्हते. तेव्हा शाळेतल्या बाईंना किंवा सरांना लिहायचे मनात असेल तर शिक्षक दिनाचे तयार चित्र पुढे ढकलू नये. त्यांनी शिकवलेली कोणती गोष्ट आज कामी आली, ती एक गोष्ट लिहावी.

माफीच्या पत्रात मेहनत दिसते ती समोरच्याचे काय नुकसान झाले हे स्वतः शोधून लिहिण्यात. “माझ्याकडून काही चुकले असेल तर माफ करा” या वाक्यातला ‘असेल तर’ सगळ्यावर पाणी फिरवतो. काय चुकले, त्याने त्या माणसाला काय सोसावे लागले, आणि भरपाई कधीपर्यंत कशी करणार, हे तीन भाग क्रमाने यावेत. कारणे द्यायचीच असली तर सगळ्यात शेवटी, एका ओळीत.

निमंत्रण आणि नोकरीचा अर्ज

लग्नाची पत्रिका घरी नेऊन द्यायची, तिला हळदकुंकू लावायचे, सोबत अक्षता द्यायच्या, ही रीत लोक उगाच पाळत नाहीत. उन्हातान्हात माणूस दारापर्यंत आला, यातच आग्रह असतो. आता नातेवाईक पुण्यात, हैदराबादेत, रायपुरात. पत्रिका मोबाइलवर पाठवणे भाग आहे. तरी पत्रिका एकदम सगळ्यांना पाठवून मोकळे होऊ नये. प्रत्येक घरासाठी दोन ओळी वेगळ्या लिहाव्यात: “मावशी, तुम्हाला हळदीच्या आदल्या दिवशीच यायचे आहे. गोंदिया स्टेशनवर घ्यायला येतो, गाडी कळवा.” पन्नास घरांना असे लिहायला एक संध्याकाळ जाते. आलेल्या पाहुण्यांत तिचा हिशेब मिळतो.

नोकरीच्या अर्जातही हेच. तिरोड्याच्या वीज प्रकल्पात, राईस मिलच्या कचेरीत किंवा एखाद्या पतसंस्थेत अर्ज करताना एकच मजकूर नाव बदलून पाठवला जातो, आणि कधी कधी नाव बदलायचेही राहून जाते. अर्ज करण्याआधी त्या ठिकाणी काम करणाऱ्या एखाद्याशी बोलावे. त्या जागेवर रोज काय करावे लागते ते समजून घ्यावे आणि आपल्या अनुभवातली त्याला जुळणारी एक गोष्ट लिहावी. मिलमध्ये हिशेबाच्या जागेसाठी अर्ज असेल तर “मी मेहनती आणि प्रामाणिक आहे” यापेक्षा “दोन हंगाम धान खरेदी केंद्रावर काटापट्टी आणि बारदान्याचा हिशेब ठेवला आहे” हे वाक्य जड भरते.

हस्ताक्षर, लांबी आणि भाषा

हाताने लिहिलेल्याचा परिणाम होतो, याला आधार आहे. अमेरिकेतले संशोधक रँडी गार्नर यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही प्रश्नावल्यांवर हाताने लिहिलेली छोटी चिकटचिठ्ठी लावली. तशी चिठ्ठी असलेल्या प्रश्नावल्या साध्या प्रश्नावल्यांच्या सुमारे दुप्पट प्रमाणात भरून परत आल्या. म्हणून छापील पत्राच्या शेवटी दोन ओळी हाताने लिहाव्यात. अक्षर वळणदार नसले तरी चालते. महात्मा गांधींना स्वतःच्या वाईट अक्षराची खंत होती आणि ती त्यांनी आत्मचरित्रात मांडली आहे. तरी उजवा हात थकला की डाव्या हाताने ते पत्रे लिहीत राहिले.

लांबीचा मोह आवरावा. पत्र मोठे असले म्हणजे मनापासून लिहिलेले, असे नाही. धारवाडला लोकांपासून दूर राहणाऱ्या जी. ए. कुलकर्णींनी सुनीता देशपांडे यांना लांबलचक पत्रे लिहिली. ती पुढे पुस्तकरूपाने आली. दोघांनाही त्या विषयांत तेवढा रस होता, म्हणून ती लांबी शोभली. बाकीच्यांनी लिहून झाल्यावर मजकूर एकदा मोठ्याने वाचावा, आणि जे वाक्य कोणालाही पाठवता येईल ते काढावे.

भाषेची निवड हीसुद्धा मेहनतच. गोंदिया जिल्ह्यात मराठीबरोबर हिंदी, पोवारी, गोंडी, छत्तीसगढी आणि झाडीबोली कानावर पडतात. कार्यालयाला मराठीत लिहावे, ते राज्यकारभाराचे माध्यम आहे. पण पोवारी बोलणाऱ्या आजीसाठी नातवाने दोन ओळी पोवारीत लिहून पाठवल्या आणि घरातल्या कोणी त्या वाचून दाखवल्या, तर तिला कळते की पोराने आपल्यासाठी शब्द शोधले. शुद्धलेखनाच्या चुका झाल्या तरी बिघडत नाही. लिहिता न येणाऱ्याने सांगून दुसऱ्याकडून लिहून घेतलेले पत्रही त्याचेच असते. लिहून देणाऱ्याने त्यात आपली पल्लेदार वाक्ये घालू नयेत.

यंत्राची मदत किती घ्यावी

2024 च्या ऑलिंपिकच्या वेळी गुगलने आपल्या जेमिनीची एक जाहिरात दाखवली. त्यात एक वडील आपल्या लहान मुलीसाठी धावपटू सिडनी मॅकलॉफलिन-लेव्हरोन हिला चाहतीचे पत्र यंत्राकडून लिहून घेतात. प्रेक्षकांनी इतकी टीका केली की गुगलने ऑलिंपिकच्या प्रक्षेपणातून ती जाहिरात काढून घेतली. मुलीने स्वतः लिहिलेल्या मोडक्यातोडक्या चार ओळी त्या धावपटूला अधिक पोहोचल्या असत्या, असे लोकांना वाटले.

म्हणून यंत्राशी काम वाटून घ्यावे तशी त्याची मदत घ्यावी. अर्जाचा साचा, शुद्धलेखन, कायद्याचे कलम कुठे शोधायचे, यासाठी ते वापरायला हरकत नाही. मराठी लिहिण्याची सवय सुटलेल्यांना त्याचा आधारच होतो. कलम मात्र मूळ कायद्यात ताडून पाहावे. आठवण, मोजमाप, नावे आणि मागणी लिहिणाऱ्याने स्वतः आणावी. सांत्वन आणि माफी यंत्राकडे देऊ नयेच.

एकाच मजकुराची अनेक पत्रे पाठवण्याच्या मोहिमांना आपली जागा आहे. मराठीला अभिजात दर्जा मिळावा म्हणून असंख्य मराठी माणसांनी दिल्लीला पत्रे पाठवली. त्यातून मागणीमागे किती लोक आहेत ते दिसले. त्याच मागणीसाठी रंगनाथ पठारे समितीने शिलालेख आणि जुने ग्रंथ तपासून अहवाल तयार केला. त्यातून मागणीला आधार काय ते दिसले. 3 ऑक्टोबर 2024 ला केंद्राने निर्णय घेतला. गावाच्या प्रश्नावरही असेच करता येते: सह्यांची मोहीम वेगळी ठेवावी आणि अभ्यास करून लिहिलेले एक निवेदन तिच्यासोबत जोडावे.

पत्र गेल्यावरही काम उरते. प्रत आणि पोच एका फाइलमध्ये लावून ठेवावी. महिन्याभरात उत्तर नाही आले तर त्याच पोचेचा संदर्भ देऊन स्मरणपत्र द्यावे. आणि काम झाले, टेलपर्यंत पाणी आले, तर शाखा अभियंत्याला तेही लेखी कळवावे: कुठल्या दिवशी पाणी आले, किती बांध्यांची रोवणी झाली. ते पत्रही कार्यालयाच्या फाइलला लागते, आणि पुढच्या हंगामात त्याच वळणावर गाळ साचला तर नवा अर्ज त्याच्या तारखेने सुरू करता येतो.